जवळजवळ नवीन!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे झाले, आणि खरं सांगायचं तर लिहावं असं काही डोक्यात घोळतही नव्हतं. आता घोळतंय. किंबहुना गेला महिनाभर डोकं तापलेलंच आहे. कारण काय, तर एक पाटी!

पाटी म्हणजे आपली दगडी पाटी नव्हे. संगणकाला जोडायची पाटी, जिला मुलं ‘ड्रॉइंग टॅब्लेट’ म्हणतात. दिसायला वहीएवढी, काळी, साधी. तिच्यावर लेखणी फिरवली की पाटीवर काहीच उमटत नाही, रेघ उमटते समोरच्या पडद्यावर. लेखणीत ना शाई, ना बॅटरी. पाटीच्या पोटात तारांचं जाळं असतं, त्यातून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर ती लेखणी चालते. लेखणी किती जोरात दाबली हेही पाटीला कळतं, त्याप्रमाणे रेघ जाड-बारीक होते. हे सगळं मला नातवानं समजावलं होतं, आणि दहावीच्या विज्ञानाच्या तासाला मुलं जशी मान डोलावतात तशी मी मान डोलावली होती.

जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत, ही पाटी घरी आली. साडेचार हजार रुपये मोजून घेतली. मी तेव्हा मोडी लिपीचे वर्ग घरबसल्या घ्यायला लागले होते. माहीत असेलच, मोडीत आधी ओळ आखून घ्यायची आणि मग शक्यतो लेखणी न उचलता अक्षरं लिहीत जायचं. माउसनं मोडी लिहिणं म्हणजे हातमोजे घालून रांगोळी काढण्यासारखं आहे. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे हे खरं, पण तयार अक्षर बघून वळण कळत नाही. लेखणी कुठून निघाली आणि कुठं वळली, हे डोळ्यांसमोर घडावं लागतं. ते या पाटीनं घडवलं. आठवड्यातून पाच संध्याकाळी, चार वर्षांहून जास्त. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांतून मी सातारा, पुणे, आणि एका हौशी बाईंमुळे थेट न्यू जर्सीपर्यंत मोडी शिकवली. निवृत्तीनंतर इतका आनंद मला दुसऱ्या कशानं दिला नाही.

गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताच्या अंगठ्याचा सांधा फार दुखायला लागला आणि वर्ग थांबवले. पाटी कपाटात नुसती पडून राहायला लागली. ज्याच्या उपयोगी पडेल त्याला द्यावी, चार पैसेही येतील, असा विचार केला आणि भाच्याला सांगितलं. भाचा वकील आहे, हुशार आहे, माझ्यावर त्याचा जीव आहे. आणि तो हा ब्लॉग वाचतो. (अरे, वाचतोयस ना? मग शेवटपर्यंत वाच.)

त्यानं पाच मिनिटांत फोटो काढले आणि जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर जाहिरात टाकून दिली. मी चष्मा लावून वाचली. ‘उत्तम स्थिती. जवळजवळ नवीन. फारच कमी वापर. किंमत ३,५०० रुपये.’

मी म्हटलं, “अरे, फारच कमी वापर? चार वर्षं रोज संध्याकाळी मी काय करत होते मग?”

“मावशी, असंच लिहितात.”

“आणि ती खाच?”

खाचेचं सांगायला हवं. पाटीला वायर जोडायची जी खाच असते, ती सैल झाली आहे. वायर एका ठराविक कोनात राहिली तर सगळं ठीक, पण जरा हलली की पाटी मधेच डोळे मिटते आणि काढलेली रेघ अर्ध्यावर तुटते. मी वायरीखाली खोडरबर ठेवून वर्षभर काम भागवलं. लेखणीवरच्या दोन बटणांपैकी खालचं बटणही चालत नाही. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. दोन मिनिटं चालवून बघितली तरी कळेलच असं नाही.

भाचा हसला. म्हणाला, “मावशी, हे लिहिलंस तर फुकटसुद्धा कोणी नेणार नाही. बघून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. कायदाच तसं सांगतो.”

मंडळी, आजचा लेख या एका वाक्यावर आहे. हे वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही ते मी सविस्तर सांगणार आहे.

आधी कायद्याचंच बघू. मी बी.ए. झालेली मराठीची मास्तरीण, मला कायदा कळत नाही, पण वाचता येतं. भाच्यानंच दाखवलं. वस्तुविक्रीचा कायदा १९३० सालचा. त्याच्या १६व्या कलमाचा रोख खरोखरच ‘घेणाऱ्यानं सावध राहावं’ असा आहे. त्याआधीचा करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १७व्या कलमाखाली घोड्याचं उदाहरण आहे. एकानं लिलावात घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होतं, पण तो बोलला नाही. कायदा म्हणतो, नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. भाच्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

पण शिक्षकाची सवय अशी, की एक उदाहरण झालं तरी पुढची दोन वाचल्याशिवाय पान उलटायचं नाही. पुढचं उदाहरण असं आहे: घोडा घेणारी जर त्या विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र खोट सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि त्याच्या पुढचं: घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धड आहे असं मी समजेन,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. शिवाय १९३०च्या त्याच कायद्यात, १६व्या कलमाच्या अगदी शेजारी १५वं कलम आहे. वर्णनावरून वस्तू विकली तर वस्तू त्या वर्णनाला उतरली पाहिजे! मग ‘जवळजवळ नवीन’ हे वर्णन नव्हे तर काय आहे? म्हणजे भाचेबुवा, गप्प बसायला कायदा एखाद्या वेळी परवानगी देईल, पण तुम्ही गप्प कुठं बसलात? तुम्ही तर खोटं लिहिलंत.

आणि मला त्या दुसऱ्या उदाहरणातली गोम फार आवडली. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही हे कळत होतं, की आपल्या मुलीला लंगडा घोडा विकताना गप्प बसणं बरोबर नाही. मग प्रश्न इतकाच उरतो, की समोरची मुलगी आपली कधी समजायची? यावर कायदा काही बोलत नाही. ते आपलं आपण ठरवायचं असतं.

आता दुसरा मुद्दा. ‘सगळे असंच करतात.’ हा मुद्दा मी आयुष्यभर ऐकलाय. परीक्षेत कॉपी सापडलेला प्रत्येक मुलगा हेच सांगायचा. पण या वेळी मी तो जरा गंभीरपणे घेतला, कारण त्यात एक खरी अडचण आहे. घेणारे हुशार झालेत. जाहिरातीत ‘जवळजवळ नवीन’ असेल तर ते मनात म्हणतात, म्हणजे निम्मी मोडलेली. ‘लास्ट किती?’ या दोन शब्दांनीच बोलणं सुरू होतं, नमस्कार नाही, चमत्कार नाही. अशा बाजारात खरं सांगणाऱ्याला दुहेरी फटका बसतो. तो खोट सांगून किंमत उतरवतो, आणि घेणारा ‘सांगितली एवढी, तर लपवली किती असेल’ म्हणून आणखी उतरवतो.

याचं उत्तर मला नातवानं दिलं. तो अर्थशास्त्र शिकतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तिकडे खोटी निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. (आपल्याकडे लिंबू म्हणजे लिंबू-टिंबू, तिकडचं लिंबू चांगलंच महागात पडतं!) त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरसकट सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीवाला बाजारातून निघून जातो. मग उरतात लिंबं. भाव आणखी पडतो. असं करत करत बाजारच बसू शकतो. २००१ साली त्याला दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं.

म्हणजे ‘सगळे असंच करतात म्हणून मीही करतो’ हे सबब म्हणून पुढं केलं जातं, पण रोग तोच आहे. भाच्याची पाटी साडेतीन हजारांना जाणार नाही, याचं कारण मावशीचा भाबडेपणा नसून आधीच्या शंभर भाच्यांनी लिहिलेलं ‘जवळजवळ नवीन’ आहे.

मला हे पटायला नोबेलची गरज नव्हती म्हणा. आमच्या शाळेत दर उन्हाळ्यात मी जुन्या पाठ्यपुस्तकांची देवघेव चालवत असे. नियम दोनच. धड पुस्तक निम्म्या किमतीत, फाटकं पाव किमतीत. आणि विकणाऱ्यानं पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहायचं की कुठली पानं नाहीत किंवा फाटली आहेत. पहिल्या वर्षी मुलांनी टाळाटाळ केली. एका मुलाच्या भूगोलातला अख्खा एक धडा गायब होता आणि त्यानं ‘सर्व पाने आहेत’ असं लिहिलं होतं. त्याला मी पैसे परत करायला लावले, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन. तिसऱ्या वर्षापासून पालक नवीन पुस्तकांच्या दुकानात जाण्याआधी आमच्याकडे यायला लागले. का? तर पेन्सिलीत लिहिलेलं खरं असतं, असा लौकिक झाला होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना जे जमलं ते पदवीधरांना का जमू नये?

आता जरा दुसऱ्या बाजूचा किस्सा. जाहिरात लागल्यावर दुसऱ्याच दिवशी एक फोन आला. गृहस्थ म्हणाले, मी सैन्यात आहे, देवळालीला नेमणूक आहे, सुट्टी मिळत नाही, वस्तू न बघताच घेतो, घासाघीसही नाही. पैसे लगेच पाठवतो, फक्त मी पाठवतोय तो चौकोनी कोड मोबाईलवर स्कॅन करा आणि पिन टाका. मी विचारलं, “पैसे तुम्ही देणार, मग पिन मी कशाला टाकू?” फोन बंद!

वाचकांपैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांनी एवढं एक वाक्य पाठ करून ठेवावं: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. कोणी फसलंच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. (वस्तुविक्रीचा कायदाही १९३० चाच! लक्षात ठेवायला सोपं.)

भाच्याला हे कळलं तेव्हा तो संतापला. “काय माणसं असतात! म्हाताऱ्या बाईला फसवायला निघाले!” मी शांतपणे विचारलं, “त्यानं काय केलं रे? जे मला दिसत नाही त्याचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला. मग खाचेचं काय?” तो म्हणाला, “ते वेगळं, हे वेगळं. तो गुन्हा आहे.” खरं आहे, तो गुन्हा आहे, मोठा आहे, आणि सैनिकाचं नाव घेऊन केलेला म्हणून अधिकच नीच आहे. दोन्ही सारखेच असं मी म्हणत नाही. पण जातकुळी एकच. समोरच्याच्या न कळण्यावर पैसे कमवायचे, हेच दोन्हीकडे.

आता मी तुम्हांला जे सांगणार आहे ते भाच्यालाही सांगितलेलं नाही. हे लिहावं की नाही यात माझे चार दिवस गेले.

१९८९ साली आम्ही आमची स्कूटर विकली. दुसरा गिअर मधेच निसटायचा. मेकॅनिकनं खर्च सांगितला तो ऐकून आमच्या ‘ह्यां’नी ठरवलं की विकूनच टाकू. घेतली आमच्याच शाळेच्या शिपायांनी. पैसे देण्याआधी त्यांनी मला शिक्षकखोलीच्या दारात विचारलं, “बाई, गाडी चांगली आहे ना?” मी म्हणाले, “आमच्या ह्यांनी फार जपून वापरलीय हो.” वाक्य शंभर टक्के खरं होतं. जपूनच वापरली होती. दोन महिन्यांत त्यांचा गिअरबॉक्सवर एवढा खर्च झाला की पुढं कित्येक दिवस गाडी घरी उभी आणि ते पायी शाळेत यायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. रोज सकाळी फाटकापाशी तसाच नमस्कार करायचे. तो नमस्कार घेताना माझी मान वर होत नसे. मी वर्गात मुलांना सत्याचे धडे शिकवत होते, आणि पेन्सिलीनं फाटकी पानं लिहायला लावत होते! आज ते हयात नाहीत, आमचे हेही नाहीत. परत करायला कोणी उरलेलं नाही.

म्हणून मला ‘व्यवहारात असं चालतं’ हे वाक्य सहन होत नाही. चालतं, हे मला माहीत आहे. मी चालवलंय.

तर, भाच्याची जाहिरात मी काढायला लावली आणि माझी लिहिली. कुणाला उपयोगी पडेल म्हणून त्यात काय काय होतं ते सांगते. कुठलं मॉडेल, कधी घेतली, बिल आहे की नाही. लेखणी फिरवायचा भाग किती लांब-रुंद आहे, कारण फोटोत सगळ्या पाट्या सारख्याच दिसतात. लेखणी मूळची आहे का, कारण बिनबॅटरीची लेखणी ज्या-त्या जातीच्या पाटीवरच चालते, ती हरवली तर पाटीचा उपयोग संपला. लेखणीचं टोक झिजतं आणि त्याला धार आली की पाटीवर ओरखडे उठतात, म्हणून जादाची टोकं किती उरलीत (माझ्याकडे तीन). पाटीबरोबर मिळालेली सॉफ्टवेअरं माझ्या नावावर नोंदली गेली आहेत, ती मिळणार नाहीत. घेणाऱ्याच्या संगणकावर चालणारं ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का, ते त्यानं आधी बघावं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: वायरीची खाच सैल, लेखणीचं खालचं बटण बंद, चार वर्षं रोजचा वापर. किंमत १,८०० रुपये. घासाघीस नाही, कारण जे उतरवायचं ते मीच उतरवलं आहे.

भाचा म्हणाला, ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?

नऊ दिवस कोणी फिरकलं नाही. (भाचा रोज विचारायचा, ‘काय मावशी, रांग लागली का?’) दहाव्या दिवशी सिन्नरहून एक मुलगी आणि तिचे वडील आले. मुलगी उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला. वडिलांनी जाहिरात वाचलीच नव्हती. मुलीनं वाचली होती, पण खुर्चीत बसल्यावर तिनंही विचारलंच, “आजी, बाकी सगळं नीट चालतं ना?” मंडळी, अक्षरशः कायद्यातलं तिसरं उदाहरण माझ्यासमोर बसलं होतं!

मी स्वतः वायर हलवून दाखवली. पाटी बंद पडली. वडिलांचा चेहरा पडला. पण मुलगी हुशार. तिनं स्वतःचा लॅपटॉप आणला होता. तिरक्या रेघा अगदी सावकाश ओढून बघितल्या, कारण पाटीत दोष असेल तर तिरकी रेघ लाटेसारखी थरथरते म्हणे. हलक्या हातानं सुरू करून दाब वाढवत नेला. चारही कोपरे तपासले. मग वडिलांना म्हणाली, “पप्पा, पाटी चांगली आहे. नुसती खाच बदलावी लागेल.” मोबाईल दुरुस्त करणारा एक ओळखीचा त्यांच्याच गल्लीत होता. त्याला फोटो पाठवला, फोन झाला. खाच नवी बसवून देतो म्हणाला. वडिलांनी अठराशे रुपये मोजले. जाताना म्हणाले, “बाई, तुम्ही सांगितलं म्हणून घेतली. नाहीतर घरी जाऊन बंद पडली असती तर मी हिलाच रागावलो असतो.”

या वाक्यानं मला गलबलून आलं. भाच्याच्या जाहिरातीचा भुर्दंड नुसता सतराशे रुपयांचा नव्हता. त्या पोरीनं बोलणी खाल्ली असती ते वेगळंच.

संध्याकाळी भाचा म्हणाला, “मावशी, सतराशेचा तोटा करून घेतलास.” अरे बाबा, तोटा आपल्या पैशांचा होतो. ते सतराशे माझे नव्हतेच कधी. खोट झाकली असती तर ते त्या वडिलांच्या खिशातून चोरून आणावे लागले असते, आणि सुशिक्षित असल्यामुळे आपण त्याला ‘चांगली किंमत आली’ असं म्हटलं असतं.

तेव्हा मंडळी, एवढीच विनंती. घरात पडून असलेला कॅमेरा असो, सायकल असो, पाटी असो, जरूर विका. कपाटात कुजवण्यापेक्षा किंवा भंगारात टाकण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण जाहिरात लिहून झाली की शेवटी एक ओळ घालायची: ‘खोट काय आहे’. नसेल तर ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही’ असं लिहा. ही ओळ लिहिताना हात अडखळला, तर समजा, तिथंच काहीतरी लपवायचं चाललं आहे. आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही कोणी खरं सांगितलं तर त्याला आणखी पिळू नका. खऱ्याला भाव मिळाला नाही तर खरं बोलणार कोण?

परवा त्या मुलीचा निरोप आला. खाच बसवून झाली. सोबत तिनं एक चित्र पाठवलंय: एक म्हातारी बाई, चष्मा नाकावर, हातात वायर आणि वायरीखाली खोडरबर. साम्य बरं साधलंय. नाक मात्र उगीच मोठं काढलंय.

असो. भाचेबुवा, रविवारी जेवायला या. त्या स्कूटरबद्दल तुम्हांला समोरासमोर सांगायचं राहून गेलं होतं, ते इथं वाचून कळलं, त्याबद्दल रागावू नका. आणि तुमचा तो जुना लॅपटॉप विकायला काढलाय म्हणे. जाहिरात मला दाखवून मगच टाका.